सुपर बिल्टअप मिनिटं

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.



घराच्या क्षेत्रफळाचं जे झालं, तेच आता घराच्या अंतराचं करा, एवढंच मागायला हे पत्र लिहितो आहे.

क्षेत्रफळाची कथा आपल्याला ठाऊक आहे. पण खुलं पत्र म्हटल्यावर बाहेरची चार माणसंही वाचणार, म्हणून उजळणी करतो. पूर्वी सातशे फुटांचं म्हणून घर घ्यावं आणि टेप लावला की आत पाचशेही भरू नयेत. उरलेले फूट जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात, भिंतींत आणि वॉचमनच्या केबिनमध्ये गेलेले असायचे. बिल्टअप, सुपर बिल्टअप असे प्रकार होते आणि प्रत्येक बिल्डरचा 'सुपर' निराळा होता. २०१६ च्या रेरा कायद्यानं चटईक्षेत्राची व्याख्याच लिहून टाकली, १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं, आणि घर विकताना चटईक्षेत्र सांगायचं हे ठरून गेलं. आज गिऱ्हाईक खिशात टेप घेऊन गेलं तर बिल्डर निदान चपापतो तरी.

मिनिटांना मात्र अजून कुणी टेप लावलेला नाही. 'स्टेशन ५ मिनिटं', 'ठाणे २० मिनिटं', 'विमानतळ अर्ध्या तासावर'. ही सगळी सुपर बिल्टअप मिनिटं आहेत. पायी की गाडीनं, सकाळी नऊला की पहाटे तीनला, इमारतीच्या दारातून की आणखी कुठून, यातलं काही म्हणजे काही लिहिलेलं नसतं.

इथे वाढलेल्या माणसाला याचा फारसा त्रास नाही. कल्याणच्या माणसाला 'शहाड स्टेशनपासून पाच मिनिटं' असं सांगितलं तर तो नुसता हसतो. त्रास आहे तो लातूर, परभणी, सांगली, चंद्रपूरहून नोकरीसाठी येणाऱ्याचा. त्याच्या हातात ऑफर लेटर असतं, रुजू व्हायची तारीख असते आणि फोनमध्ये या जाहिराती असतात. त्याच्यासाठी जाहिरात हाच नकाशा. उपनगर निवडायला त्याला फार तर दोन शनिवार-रविवार मिळतात, आणि रविवारी ही शहरं कशी खोटी दिसतात ते आपण जाणताच. रस्ते मोकळे, लोकलला बसायला जागा, रिक्षावालाही गोड बोलतो.

मी मूळचा मराठवाड्यातला. बँकेत नोकरी केली, बदल्या झेलल्या आणि शेवटी डोंबिवली पूर्वेला स्थिरावलो. त्यामुळे मे-जून आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. भाचे, पुतणे, जुन्या सहकाऱ्यांची मुलंमुली. "काका, ऑर्डर आलीय. कुठं बघू?" त्यांच्याबरोबर फिरून जे पाहिलं, त्यावरून हे लिहितो आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. परभणीचा एक मुलगा, मित्राचा, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये लागला. त्यानं कल्याणच्या पलीकडचा एक प्रकल्प हेरला होता. जाहिरातीत तळं होतं, तळ्यात राजहंस होते, आणि खाली ओळीनं आकडे: स्टेशन ७ मिनिटं, प्रस्तावित मेट्रो ३ मिनिटं, ऐरोली २५ मिनिटं. पहिली इमारत पुरी झालेली होती आणि गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट भाड्यानं निघाले होते. मी म्हटलं, रविवारी नको, मंगळवारी सकाळी जाऊ. सेल्स ऑफिस स्टेशनच्या जिन्याला लागूनच होतं. आत गारेगार एसी, काचेच्या पेटीत इमारतींचं मॉडेल, पाण्याच्या छोट्या बाटल्या. तिथली मुलगी अदबीनं म्हणाली, "आमची गाडी तुम्हाला साइटवर सोडेल." गाडी नको, चालत जातो म्हटल्यावर ती गोंधळली. म्हणाली, "सर, चालत कुणी जात नाही."

सात मिनिटांचा सगळा खुलासा त्या वाक्यात होता. तिचा दोष नाही, तिनं खरं तेच सांगितलं. आम्ही चालत निघालो. भाजीच्या हातगाड्या संपल्या की एक नाला, नाल्यावर एकच अरुंद पूल. पुढे एका बाजूनं काँक्रीट केलेला आणि दुसऱ्या बाजूनं खणून ठेवलेला रस्ता. नकाशात सरळ जाणारा डीपी (विकास आराखड्यातला) रोड प्रत्यक्षात एका बैठ्या चाळीच्या भिंतीपाशी थांबला. चाळीतल्या बाईंनी उंबऱ्यातूनच हात करून वळसा दाखवला. रोज कुणी ना कुणी विचारत असणार. प्रकल्पाची कमान दिसली तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. शेअर रिक्षा मिळते, पण ती मागे तीन आणि चालकाशेजारी एक भरल्याशिवाय हलत नाही, आणि रात्री उशिरा शेअर बंद. मग रिक्षावाला सांगेल तो आकडा. मुलगा म्हणाला, "मी तर पळत जाईन काका." बरोबर, तेविसाव्या वर्षी माणूस पळतो. पण पुढच्या वर्षी त्याची बहीण त्याच घरात राहून नोकरी करणार होती, आणि रात्री साडेनऊला त्या नाल्यावरच्या पुलावर दिवा नसतो.

ऐरोलीच्या २५ मिनिटांचंही तसंच. साइटच्या स्टेशनहून ठाणे, ठाण्याला उतरून पूल चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर, तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी. नुसता ठाण्याचा तो पूलच घाईच्या वेळी २५ मिनिटांतली किती खातो ते कधी तरी उभं राहून पाहावं. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग झाला तर हा फेरा वाचेल. त्याचा पहिला टप्पा म्हणून बांधलेलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. पण कळव्याकडचा जोड मार्ग झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी अडलेला आहे. जाहिरातीत मात्र तो कधीच धावू लागला आहे.

आपण म्हणाल, हे रेल्वेचं आणि महापालिकेचं गाऱ्हाणं झालं, महारेराचा यात काय संबंध? संबंध असा की बिल्डर विकतो ती निम्मी वस्तू रेल्वेचीच असते. चारच भिंती विकायच्या असत्या तर वांगणीत आणि मुलुंडमध्ये एकच भाव असता. भावातला फरक अंतराचा आहे, आणि ते अंतर सांगण्याची मुभा विकणाऱ्याला आहे.

शिवाय अंतर म्हणजे नुसते किलोमीटर नव्हेत, हे बाहेरून येणाऱ्याला कुणी सांगत नाही. मी मुलांना पहिला प्रश्न विचारतो तो गाडी किती वेळा बदलायची हा. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, बदलापूर ६८. कागदावर डोंबिवली आणि बदलापूर यांत २० किलोमीटरचा फरक. पण कल्याणला मार्ग फुटतो, काही गाड्या कसाऱ्याकडे, काही कर्जतकडे, आणि पुढे एक लोकल चुकली की माणूस फलाटावर उभा. तसंच जलद गाडीचं. कोपर आणि ठाकुर्ली डोंबिवलीच्या दोन अंगांना, पण जलद लोकल तिथे थांबत नाही. दिव्याला डिसेंबर २०१६ पासून काही जलद गाड्या थांबू लागल्या आणि 'दिवा, जलद थांबा' हे घरांच्या जाहिरातीत आलंच. थांबतात हे खरं, पण सकाळी त्या दारातून आत शिरता येतं का, हे वेगळं. म्हणून तर किती तरी लोक आधी उलट दिशेनं कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. त्या उलट प्रवासाची मिनिटं कुठल्या जाहिरातीत धरायची? ९ जून २०२५ ला मुंब्रा स्थानकाजवळ दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. ती माणसंही आपापल्या घरापासून ऑफिसपर्यंतची मिनिटं मोजूनच निघालेली होती.

नकाशाही फसवतो. वसई आणि ठाणे नकाशावर शेजारी दिसतात. मधे खाडी आणि डोंगर. रस्त्यानं जायचं तर घोडबंदरचा घाट, रेल्वेनं जायचं तर वसई-दिवा मार्गावरच्या मोजक्या मेमू गाड्या. ठाण्यात नोकरी लागली म्हणून 'जवळच' वसईशेजारच्या नायगावला घर पाहणारी मुलगी मला माहीत आहे. तिला जाहिरातीनंच सांगितलं होतं की ठाणे ४० मिनिटं.

आता एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते आणि तरी उपनगर ठरवताना सगळ्यांत जास्त चालते. गावाकडची गाडी. मराठवाड्यातली माणसं कल्याण-डोंबिवलीत का थांबली? देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या गाड्या कल्याणला थांबतात म्हणून. आईचा फोन आला की रात्री बॅग घेऊन रिक्षानं कल्याण गाठायचं, पहाटे मराठवाड्यात. कोकणातला माणूस दिव्याला, विरार-नालासोपाऱ्याला का? दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते, आणि गणपतीत एसटी अगदी कॉलनीच्या नाक्यावरून निघते. कोल्हापूरकडच्यांना महालक्ष्मी कल्याणला मिळते. सुट्टीत घरी जाणं ही चैन नव्हे. पहिली दोन वर्षं मुलगा या शहरात टिकतो तो त्या गाडीच्या भरवशावर. घराचे सल्ले देणारे तज्ज्ञ भाव, परतावा, 'कनेक्टिव्हिटी' सगळं सांगतात, हे सांगत नाहीत. जाहिरातीत हे असावं असं माझं म्हणणं नाही. पण माणूस किती हिशेब करून उपनगर ठरवतो हे आपल्याला कळावं, आणि त्यातला एक आकडा खोटा असला की सगळा ताळमेळ कसा विस्कटतो हेही.

मग 'प्रस्तावित'. या एका विशेषणावर या महानगरात किती मजले चढले असतील! घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचं भूमिपूजन २००६ मध्ये झालं आणि ती धावली जून २०१४ मध्ये. नवी मुंबई विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. आणि 'विमानतळापासून १० मिनिटं' ही पाटी उलव्यात, पनवेलमध्ये पायाभरणीच्याही आधीपासून लागलेली होती. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणलाच झालं. त्याला सात वर्षं होऊन गेली, कल्याणच्या माणसानं अजून त्या मेट्रोचं तिकीट काढलेलं नाही, पण तिच्या नावानं वाढलेला भाव मात्र त्यानं केव्हाच चुकता केला आहे. आणि सुरू झालं म्हणजे निभावलं असंही नाही. चेंबूर-वडाळा मोनोरेल २०१४ मध्ये आली, २०१९ मध्ये सात रस्त्यापर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली. प्रकल्प रखडतात, ते समजू शकतं. मोठी कामं आहेत, भूसंपादन असतं, कोर्टकचेऱ्या असतात. पण 'प्रस्तावित' हे बारीक अक्षरात आणि '३ मिनिटं' हे ठळक अक्षरात, याला रखडणं म्हणत नाहीत.

गावांची नावं बदलण्याचा उद्योगही आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. भिवंडीकडच्या गावांचं 'अप्पर ठाणे' झालं, लोअर परळचं 'अप्पर वरळी' झालं. वरळीवाल्याचं काही बिघडत नाही, तो ड्रायव्हर ठेवतो. पण बाहेरून येणारा 'नवी मुंबई' वाचून खारघर-तळोजाकडे घर घेतो, तेव्हा त्याला ठाऊक नसतं की नवी मुंबई महापालिका वेगळी आणि २०१६ मध्ये झालेली पनवेल महापालिका वेगळी. मोरबे धरण आहे ते नवी मुंबई महापालिकेचं. वाशी-नेरूळच्या नळाचं कौतुक ऐकून त्यानं जे घर घेतलं, त्याच्या पाण्याचा हिशेब निराळ्या वहीत आहे.

पाण्याबद्दल खरं तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. मुंबईबाहेरच्या उपनगरात पाणी कुणाचं हे विचारणं म्हणजे मुलीकडच्यांनी मुलाचं गोत्र विचारण्यासारखं आहे. सगळं पुढचं त्यावर ठरतं. पालिकेचं, एमआयडीसीचं, स्टेम कंपनीचं, जीवन प्राधिकरणाचं, सिडकोचं की टँकरचं? कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांत हा प्रश्न किती जुना आहे ते तिथल्या कुठल्याही बाईला विचारा. घोडबंदर रोडच्या तीस-तीस मजली इमारतींच्या फाटकात सकाळी टँकर उभे असतात. टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं आणि भाडेकरूला ते दुसऱ्या महिन्यात कळतं. मी मुलांना सांगतो, सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटू नका, वॉचमनला चहा पाजा आणि विचारा, दिवसाला टँकर किती येतात. तो खरं सांगतो, कारण गेट उघडायचं काम त्याचंच असतं.

आणि एकदा तरी जुलैत जाऊन पाहा, हेही सांगतो. उल्हास नदीकाठी उन्हाळ्यात 'रिव्हर व्ह्यू' फार छान दिसतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या पट्ट्यात घर घेताना पूररेषा कुठून जाते हे विचारायचं, हे परभणीच्या मुलाला सुचणार कसं? त्याच्या गावी जुलैत लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. वाऱ्याचंही तसंच आहे. डोंबिवली एमआयडीसीत २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. आम्ही इथे राहतो, कारखाने कुठे आहेत ते आम्हाला रात्रीच्या वासावरून कळतं. नव्या माणसाला जाहिरातीत फक्त हिरवळ दिसते.

इतकं सगळं असूनही हे लोक आपल्यावर विश्वास ठेवतात, हे मुद्दाम लिहितो. 'रेरा नंबर आहे ना? मग झालं,' हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं आहे. आणि म्हणूनच डोंबिवली परिसरातल्या त्या ६५ इमारतींची गोष्ट इथल्या माणसाच्या जिव्हारी लागली. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या या इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तिथे राहणाऱ्यांनी नंबर पाहिला होता, बँकेनं नंबर पाहून कर्ज दिलं होतं. त्यांनी आणखी काय पाहायला हवं होतं? नोंदणीआधी परवानग्या स्थानिक संस्थांकडून पडताळून घेण्यावर आता भर आहे, हे चांगलंच. तोच न्याय जाहिरातीतल्या आकड्यांना लावा, एवढंच म्हणणं आहे.

कायद्यात जागा आहे. कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कुणाचं नुकसान झालं तर बिल्डरनं भरपाई द्यायची. पण 'सात मिनिटं' खोटी होती हे सिद्ध कसं करणार? बिल्डर म्हणेल, पहाटे मोटारसायकलनं सातच लागतात. विधान मोजता येईल असं असलं तरच खोटं ठरवता येतं. आणि ते कसं असावं हे सांगण्याचा अधिकार कलम ३७ नं आपल्याला दिलेला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड आपणच सक्तीचा केलात. सुरुवातीला कुरकुर झाली, आता कुणी बोलत नाही. एजंटांना परीक्षा द्यायला लावलीत. तेव्हाही कुरकुरणारे म्हणाले होते, धंदा बुडेल.

तर मागणी अशी. जाहिरातीत मिनिटं छापायला बंदी करा. अंतर द्यायचं तर मीटरमध्ये, आज पायी जाता येईल अशा सार्वजनिक रस्त्यानं, स्टेशनच्या जवळच्या प्रवेशद्वारापर्यंत. उद्या होणाऱ्या डीपी रोडनं नव्हे. जे धावत नाही ते अंतराच्या यादीत नको. मेट्रोचा खांब उभा असला तरी नको. महसुली गावाचं आणि स्थानिक संस्थेचं नाव प्रकल्पाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात हवं. आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जी माहिती उघडते, तिथे पाणी कुणाचं, मंजूर जोडणी आहे की अर्ज केलेला आहे, आणि इमारत पूररेषेच्या आत आहे का, एवढं तरी असू द्या. याला नवी यंत्रणा लागत नाही. यातले बहुतेक कागद परवानगीच्या वेळी बिल्डरकडे असतातच.

भाडेकरू आपल्या कक्षेत येत नाहीत, हे माहीत आहे. त्यांचा अकरा महिन्यांचा करार भाडे नियंत्रण कायद्याखाली होतो. पण बदलीवर येणारा आधी भाड्यानंच राहतो, मीही सगळ्यांना तेच सांगतो: एक पावसाळा भाड्यानं काढा, मग काय ते बुकिंग करा. नोकऱ्याही आता एका जागी राहत नाहीत. नरिमन पॉइंटची ऑफिसं बीकेसीत आली, परळच्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, बीकेसीतला विभाग उद्या ऐरोलीला जाईल. ऑफिसजवळ म्हणून वीस वर्षांचं कर्ज काढलं आणि ऑफिसच उठून गेलं, असं किती तरी जणांचं झालं आहे. पण भाडेकरूही तीच जाहिरात वाचतो, घरमालकही तिच्यातलीच मिनिटं सांगून भाडं ठरवतो. जाहिरात सुधारली की त्यालाही आपोआप त्यातलं काही मिळेल.

विश्वास बसत नसेल तर आपल्याच कार्यालयापासून सुरुवात करा. जाहिरातीच्या भाषेत आपलं कार्यालय 'कुर्ला स्टेशनपासून अवघ्या काही मिनिटांवर' आहे. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला कुर्ला पश्चिमेला उतरा. सरकारी गाडी नको, फोन खिशात ठेवा. शेअर रिक्षाची रांग कुठे संपते ते शोधा, ती ज्या फेरीवाल्यांच्या मधून जाते तिथे उभे राहा, आणि पोचल्यावर घड्याळ पाहा. बीकेसीला मेट्रो ३ आली ऑक्टोबर २०२४ मध्ये, पण कुर्ल्याला उतरणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही. आपल्या दालनाबाहेर सुनावणीला बसलेल्यांपैकी बरेचजण असेच पोचलेले असतात.

परिपत्रक निघेल तेव्हा आणखी एवढं पाहा. अंतर 'कुठपर्यंत' हे सगळे लिहितील. 'कुठून' हे आपण लिहा. इमारतीच्या जिन्यापासून. सेल्स ऑफिसच्या दारापासून नव्हे, ते स्टेशनला लागूनच असतं. आणि टाउनशिपच्या कमानीपासूनही नव्हे. कमानीपासून शेवटच्या टॉवरपर्यंत जायला काही ठिकाणी टाउनशिपची स्वतःची बस लागते, आणि ती रात्री दहानंतर बंद असते.

कळावे,
आपला,
डोंबिवली पूर्वेचा एक रहिवासी